निकियाला लंडनमध्ये मिळालेलं उत्तर

मारियुस पेतिपाने कधी भारत पाहिला नव्हता. तरी १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने ‘ला बायादेअर’ हा बॅले बसवला, त्यात गोवळकोंड्याचा राजा आहे, देवळातली नर्तकी निकिया आहे, तिच्यावर डोळा ठेवणारा पुजारी आहे, नाचणारे फकीरसुद्धा आहेत. फुलांच्या परडीतला साप निकियाला डसतो. मग अफूच्या धुंदीत तिच्या प्रियकराला छायांचं राज्य दिसतं: शुभ्र वेशातल्या नर्तकी एकामागून एक उतरणीवरून येतात, प्रत्येकीची ठेवण तीच. बॅले म्हणून हा प्रवेश अप्रतिम. त्यातला भारत मात्र पाहताना आपल्याला हसू आवरत नाही.

जन्माने चेन्नईच्या, भरतनाट्यम शिकलेल्या शोबना जयसिंग नुसतं हसून थांबल्या नाहीत. १९८८ मध्ये त्यांनी लंडनला स्वतःची नृत्यसंस्था काढली आणि २०१५ मध्ये रॉयल ऑपेरा हाउसच्या लिनबरी रंगमंचावर ‘बायादेअर – द नाइन्थ लाइफ’ सादर केलं. संगीत गॅब्रिएल प्रोकोफिएव्हचं.

जयसिंग पेतिपाच्याही मागे जातात, थेट १८३८ पर्यंत. त्या वर्षी पुदुच्चेरीजवळच्या काही देवदासी पॅरिसला नाचल्या, नंतर आपल्या या लंडनमध्ये, ॲडेल्फी नाट्यगृहात. त्यांच्यातल्या अमनीवर फ्रेंच लेखक तेओफिल गोतिए लुब्ध झाला आणि त्याने तिच्याबद्दल भरभरून लिहिलं. त्याचे शब्द या प्रयोगात ऐकू येतात, तेव्हा अंगावर काटा येतो. कौतुक आहे, पण ते बाजारात घोडा पारखावा तसं!

आणि ज्याच्याकडे असं बघितलं जातं तो नर्तक पुरुष आहे, सूरज सुब्रमण्यम. पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याचं मराठी माणसाला काय नवल? पण बालगंधर्वांसमोर बसलेला प्रेक्षक समोर पुरुष आहे हे खुशाल विसरायचा. इथे ते विसरता येत नाही, आणि मग आपलीच नजर आपल्याला टोचू लागते. भरतनाट्यमची ताठ पाठ नि पायांची लय या समकालीन नृत्यातही ओळखू येते, पण देवळाचा देखावा नाही की घुंगरांचा सोस नाही. सुरुवातीचं निवेदन जरा लांबलंय, एवढंच.

परंपरेला असे प्रश्न आपण सहसा विचारत नाही: गणपतीत आपल्या लंडनच्या मराठी मंडळात आपण मुलांकडून बसवून घेतो ते नाच शक्यतो जसेच्या तसे, आणि त्यात वावगं काही नाही. पण बॅले आणि भरतनाट्यम या दोन्ही वर्गांना जाणाऱ्या आपल्या मुलींना आधी पेतिपाचा बॅले दाखवावा, मग जयसिंगांचं काम. मंडळाने त्यांच्या पुढच्या एखाद्या प्रयोगाची तिकिटं एकगठ्ठा काढली, तर पहिलं नाव माझं लिहा.