गंगेचा गडू आणि गोडसे भटजींची कावड

वाराणसीतील मुन्शी घाट अहिल्याबाई घाटाला लागून आहे. नागपूर संस्थानाचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचे नाव त्याला लाभले आहे. या परिसरातून मराठी यात्रेकरू घरी नेतो ती वस्तू म्हणजे गंगेचा गडू, तोंड डाख देऊन बंद केलेले तांब्याचे लहानसे भांडे. एरवी स्वयंपाकघरात शोभावे असे हे भांडे गावी पोहोचताच देवघरात बसते. हे कशामुळे घडते?

वाल्टर बेन्यामिन यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कलाकृतीचे तेजोवलय तिच्या एकमेवतेशी जोडले. गडूला ही कसोटी लागू पडत नाही, कारण एकाच दुकानातील शेकडो गडू सारखेच असतात. इगॉर कोपिटॉफ यांची १९८६ मधील मांडणी अधिक उपयोगी आहे : विनिमयातून बाहेर काढलेली वस्तू अनन्य होते. मात्र ती कोणासाठी बाहेर काढली, हा प्रश्न तिथे दुय्यम राहतो. मराठी परंपरेत, प्रस्तुत लेखकाच्या मते, तोच मुख्य आहे. गडू ज्याच्या घरी असतो तो त्याचा मालक नसून राखणदार असतो. ते पाणी कोणाच्या तरी अखेरच्या घोटासाठी राखलेले असते.

एकनाथांच्या आख्यायिकेत रामेश्वरासाठी नेलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी होते. तिथे पाण्याचा ग्राहक बदलतो, पण पावित्र्य उणावत नाही. ‘पावित्र्य म्हणजे वस्तूचे अस्पर्श राहणे’ ही समजूत या कथेपुढे टिकत नाही.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’कडे या दृष्टीने पुन्हा पाहायला हवे. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये संपादून प्रसिद्ध केल्यापासून हा ग्रंथ प्रामुख्याने १८५७ चा, त्यातही झाशीचा, साक्षीपुरावा म्हणून वाचला गेला. वैद्यांनी मूळ मजकुरात केलेले फेरफार १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता प्रसिद्ध केल्यावर उघड झाले. पण वाचनाची दिशा फारशी बदलली नाही. द्रव्यार्जनासाठी वरसईहून निघालेला हा भिक्षुक मिळवलेले द्रव्य लुटीत गमावतो आणि अखेरीस आईवडिलांच्या स्नानासाठी काशीहून गंगेची कावड घेऊन परततो. अभ्यासक हा भाग परिशिष्टासारखा ओलांडतात. (इतिहासाच्या भुकेने साहित्यकृतीचा घास घेतल्याची मराठीतील ही एकमेव घटना नव्हे.) वस्तुतः द्रव्य आणि जल यांचा हा व्यत्यास ग्रंथाची रचनाच घडवतो. द्रव्य कोणाचेही होऊ शकते, म्हणून ते लुटले जाते. कावडीतले पाणी वाटेतच दोन व्यक्तींचे झालेले असते.