ईशान्येची दरी

अंजनगाव सुर्जीत उत्तर कुठली हे कुणाला विचारावं लागत नाही. कुठल्याही गच्चीवर गेलं की सातपुड्याची निळी रेघ समोर असते. गावाचा स्वतःचा मठ आहे, देवनाथांचा. तो भर वस्तीत आहे, एकनाथांची परंपरा सांगणारा, पदं आणि कीर्तनाच्या नादातला. तरी डोंगरातलं देवस्थान बघून संध्याकाळी घरी परतायचं म्हटलं, की नाव निघतं मुक्तागिरीचं. पथ्रोट, अचलपूर, परतवाडा, मग बैतूलच्या रस्त्याला खरपी आणि तिथून आत. सातपुड्याच्या पायथ्याशी, राज्याची हद्द ओलांडल्या-ओलांडल्या, दिगंबर जैनांचं हे सिद्धक्षेत्र आहे. कागदोपत्री बैतूल जिल्ह्यातलं, मध्यप्रदेशातलं. पाट्या हिंदीत असल्या तरी पायऱ्यांवर ऐकू येते ती बहुतेक वऱ्हाडीच. त्यात नवल नाही. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत अचलपूर आणि बैतूल एकाच प्रांतात होते.

या जागेवरची सगळ्यात जुनी समीक्षा मी निर्वाणकांडातली मानतो. दिगंबरांच्या नित्यपाठातलं हे प्राकृत स्तोत्र एकेका गाथेत एकेका सिद्धभूमीला वंदन करत जातं. मुक्तागिरीच्या वाट्याला एक गाथा आलीय, आणि तीत धबधबा नाही, झाडी नाही, एकाही मंदिराचा उल्लेख नाही. अचलपूर नावाचं श्रेष्ठ नगर, त्याची ईशान्य बाजू, मेंढागिरीचं शिखर, तिथून निर्वाणाला गेलेले साडेतीन कोटी मुनी आणि शेवटी नमस्कार, एवढंच. पण मांडणी बघा. कवी डोंगरावर उभा नाही, तो अचलपुरात उभा आहे. आधी शहर सांगतो, मग बोटानं दिशा दाखवतो, मग शिखर. इथवर सगळं नकाशात तपासून घेता येतं; अचलपुरातून पाहिलं तर मुक्तागिरी आजही ईशान्येलाच आहे. पुढच्या पावलाला साडेतीन कोटी. मोजमाप जिथं नेमकं होतं तिथूनच ते हातातून सुटतं, आणि मोजता येईना तेव्हा हात जोडले जातात. वर्णन टाळून एवढा पल्ला गाठणारी कविता फार थोडी. शिवाय ती प्रवासाचा क्रमही बरोबर सांगते. इथं येणारा आजही शहरातून निघतो, दिशा धरतो, शिखराखाली येतो, आणि नंतरचा हिशोब त्याला लागत नाही.

परतवाडा मागे पडेपर्यंत वाटेत पाहण्यासारखं बरंच असतं. अंजनगावच्या बाजूचे पानमळे आणि पानपिंपरीची सावलीतली शेतं, अचलपूरकडच्या संत्र्याच्या बागा, परतवाड्यातले सागवानाचे ढीग. मात्र मुक्तागिरी काही दिसत नाही. तिच्या घडणीतली पहिली युक्ती हीच. याच डोंगररांगेवर गाविलगड आहे. तो उंचावर छाती काढून बसलेला, चहूकडे नजर ठेवणारा. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी तो घेतला आणि 30 डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो आमच्या सुर्जी अंजनगावात. शाळेच्या पुस्तकात गावाचं नाव येतं ते एवढ्यापुरतं. किल्ला बांधणाऱ्यानं डोंगराचा माथा निवडला, तपस्व्यांनी त्याच डोंगराची घडी निवडली. म्हणून नाव ‘गिरी’ असलं तरी मंदिरं दरीत आहेत. अगदी दाराशी येईपर्यंत कळत नाही. मग एका वळणानंतर झाडीच्या वर पांढरे घुमट एकदम दिसतात, आणि त्यांच्या मधोमध पाण्याची धार.

जेम्स फर्ग्युसननं 1876 च्या आपल्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात या जागेची दखल घेतलीय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : देवळं अलीकडच्या काळातली, मुसलमानी घुमटांच्या वळणाची, एकेकटी पाहिली तर रेखीव म्हणावी अशी नाहीत, पण बांधकाम आणि निसर्ग यांचा इतका सुखाचा मेळ भारतात दुसरीकडे सापडणं अवघड. दुसरं वाक्य लोक कौतुकानं सांगतात, पहिलं गाळतात. मला दोन्ही वाक्यं एकत्र हवीत, कारण त्यांच्यातच खरा मुद्दा आहे. साहेबानं दोन वेगळे शेरे दिले. माझ्या मते तो एकच शेरा आहे. देवळं साधी आहेत म्हणूनच मेळ बसलाय. इथं एखादं खजुराहोच्या तोडीचं शिल्पमंदिर असतं तर नजर त्याच्यावर खिळली असती आणि दरी नुसता पडदा होऊन राहिली असती. बावन्न मंदिरांपैकी बहुतेक लहान आहेत, काही तर चार माणसांत भरून जावीत एवढी. कडा जिथं जागा देईल तिथं ती टेकलीत. घुमटाबद्दल म्हणाल तर अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. त्या मुलखातल्या गवंड्याच्या हाताला घुमटच येत असणार. शहराबाहेर तळ्यात उभा असलेला अष्टकोनी हौज कटोरा पाहिलेल्याला मुक्तागिरीचे घुमट परके वाटत नाहीत. त्याला नक्कल म्हणणं मला पटत नाही.

फर्ग्युसननं धबधबा साठ फुटांचा सांगितला. इथली माणसं अडीचशे सांगतात. फूटपट्टी कुणाची कुठून सुरू होते हा प्रश्न आहेच, पण भाद्रपदात खाली उभं राहून मान वर केली की अडीचशेच पटतात. वैशाखात साठही जास्त वाटावेत. म्हणून दिवस निवडून जावं. पावसाळ्याचा उतार ते कार्तिक हा काळ उत्तम. कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते, तेव्हा गर्दी सोसायची तयारी हवी.

चढाई अनवाणी. चपला खालीच, चामड्याचा पट्टाही. चढ-उतार मिळून सहाशेच्या आसपास पायऱ्या म्हणतात. दमलेल्याला मागून येणारा कुणी विचारतो, “काऊन जी, थकले का? आता आलंच समजा.” ते आलेलं नसतं. पायऱ्यांची ही वाट या कलाकृतीचा छंद आहे. दहा-वीस पायऱ्या, की एक देऊळ. वाकायचं, आत अंधार, मूर्तीची मिटल्यासारखी नजर, बाहेर एकदम उजेड आणि कानात पाणी. पुन्हा दहा-वीस पायऱ्या. मूर्ती फारशा वेगळ्या नाहीत, असायच्याही नाहीत. दिगंबर प्रतिमेला दागिना नाही, वस्त्र नाही, चेहऱ्यावर कुठलाही भाव आणायचा नाही; मूर्तिकाराला हात दाखवायला जागाच कमी. बदलतो तो बाहेरचा देखावा. प्रत्येक देवळातून बाहेर पडताना धबधबा थोडा सरकलेला असतो. खालून तो मध्यभागी होता, मग डावीकडे जातो, मग पायाखाली. वाट दरीच्या एका अंगानं चढते आणि दुसऱ्या अंगानं उतरते. त्यामुळे सकाळी ज्या घुमटांमधून आपण चाललो ते दुपारी पलीकडच्या कड्यावर पूर्ण रांगेनं दिसतात. आत असताना तुकडे, बाहेर पडल्यावर चित्र. ही मांडणी कुणा एकानं आखली नाही. शेकडो वर्षांत वेगवेगळ्या घराण्यांनी जमेल तसं एकेक देऊळ घातलं, आणि दरीनं ते जुळवून घेतलं.

या सगळ्याचा गाभा कड्यात कोरलेल्या मेंढागिरीच्या जुन्या मंदिरात आहे. इथं तेवढं खांबांवर आणि छतावर नक्षीकाम थांबून पाहण्याजोगं. बाकी देवळं डोंगरावर आहेत, हे डोंगराच्या आत आहे. मेंढ्याची कथाही इथलीच. कड्यावरून एक मेंढा ध्यानस्थ मुनींसमोर कोसळला, मरणाच्या क्षणी मुनींनी त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला, तो देवगतीला गेला आणि त्यानं इथं मोत्यांचा वर्षाव केला. तिथीला केशराचे शिंतोडे पडतात असंही सांगतात. मला मोती आणि केशरापेक्षा मेंढा महत्त्वाचा वाटतो. साडेतीन कोटी मुनींच्या डोंगराला नाव मिळालं ते एका पाय घसरलेल्या जनावराचं.

इथं थोडं वाट सोडून. मुक्तागिरीहून थोड्याच अंतरावर, याच पायथ्याशी, बहिरमची जत्रा भरते. डिसेंबर-जानेवारीत, महिनाभर चालणारी. रोडगे, वांग्याची भाजी आणि मटणाची हंडी यांसाठी अख्खा वऱ्हाड तिकडे लोटतो. एकाच डोंगराच्या सावलीत एकीकडे मेंढा देव होतो, दुसरीकडे हंडीत शिजतो. जत्रांमधल्या पशुबळीविरुद्ध जन्मभर खराटा घेऊन बोलत हिंडलेले गाडगेबाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे, 1876 सालचा जन्म. म्हणजे फर्ग्युसनचं पुस्तक आलं तेच साल. योगायोगच, पण नोंदवावासा वाटतो.

डोंगर जैन समाजाच्या मालकीचा कसा झाला हेही क्षेत्राच्या इतिहासात सांगितलं जातं. शिकारीला येणारे पायताणं घालून मंदिरांच्या परिसरात फिरत. म्हणून अचलपूरच्या गृहस्थांनी 1928 मध्ये खापर्ड्यांच्या मालगुजारीतून डोंगर विकत घेतला. तळाशी चपला काढताना ही हकिकत आठवली तर त्या साध्या नियमाचं वजन कळतं. एरवी इथं मठासारखा कायमचा साधुसंघ नसतो. दिगंबर मुनी एका जागी राहत नाहीत, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर. आचार्य विद्यासागरांनी इथं चातुर्मास केले. पाऊस, धबधबा आणि मुनींचा मुक्काम असे तिन्ही एकाच ऋतूत येतात. मुक्तागिरी पूर्ण भरलेली असते ती तेव्हा.

दोष सांगायला हवेत. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या डोळ्यांत येतात. अपरिग्रहाच्या डोंगरावर त्या जरा जास्तच बोलतात. देवळांना घातलेले क्रमांक सोयीचे आहेत, पण यात्रेकरू मग आकडेच पाळू लागतो. उतारावरची मंदिरं त्यामुळे मार खातात. पाय दुखत असतात, पोटात भूक असते, आणि माणसं उंबऱ्याबाहेरूनच हात जोडून पुढे सटकतात. रचनेचा उत्तरार्ध कमजोर आहे असं मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणतो की वाचणारे शेवटची पानं भराभर उलटतात. ज्याला सवड आहे त्यानं पलीकडच्या अंगाला, उतरायला लागण्याआधी बसून घ्यावं. समोरची रांग तिथून दिसते तेवढी नीट कुठूनच दिसत नाही.

एवढं सगळं करायचं तर अंजनगावहून पहाटेच निघायला हवं. खालच्या भोजनालयात जेवण सूर्यास्ताच्या आधी उरकतं. उशीर झाला तर परतवाड्यापर्यंत उपाशी यावं लागतं.