मेंदूतील जोडण्यांचा नकाशा आणि स्त्री-पुरुष भेद : एका शोधनिबंधाची चिकित्सा

प्रास्ताविक

उज्जैनच्या राम घाटावर उभे राहून क्षिप्रेत एखादे पान सोडले, तर ते कोणत्या दिशेने वाहते हे कोणालाही सांगता येईल. ते पाणी कोठून आले, हे मात्र तेवढ्यावरून सांगता येणार नाही. २०१४ पासून नर्मदेचे पाणी ओंकारेश्वर प्रकल्पातून उपसून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडण्यात येऊ लागले. घाटाच्या वरच्या अंगाला इंदूरकडून येणारी खान नदी क्षिप्रेला मिळते. तिचे दूषित पाणी घाट टाळून पुढे नेण्यासाठी २०१६ च्या सिंहस्थापूर्वी जमिनीखालून जलवाहिनी टाकण्यात आली. म्हणजे घाटावरच्या प्रवाहात दुसऱ्या नदीचेही पाणी असू शकते आणि तिसरीची वळवलेली वाट घाटावरून दिसतच नाही. मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील जोडण्यांचा नकाशा प्रतिमांच्या आधारे काढणाऱ्या संशोधकांपुढची अडचण बरीचशी अशीच आहे. या अडचणीचे भान ठेवून एका गाजलेल्या शोधनिबंधाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शोधनिबंधातील प्रतिपादन

डॉ. मधुरा इंगळहळीकर, डॉ. रागिणी वर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांचा सदर निबंध डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’ या नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झाला. त्या वेळी हे काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाले होते. डॉ. इंगळहळीकर यांनी पुढे पुण्याच्या सिम्बायोसिसमध्ये वैद्यकीय प्रतिमांच्या विश्लेषणाचे काम केले. ८ ते २२ वर्षे वयाच्या ९४९ व्यक्तींच्या (४२८ पुरुष, ५२१ स्त्रिया) मेंदूंच्या प्रतिमांवरून त्यांनी निष्कर्ष काढला की, प्रमस्तिष्कात पुरुषांमध्ये एकाच गोलार्धातील जोडण्या अधिक बळकट आहेत, तर स्त्रियांमध्ये दोन गोलार्धांना सांधणाऱ्या जोडण्या. अनुमस्तिष्कात चित्र नेमके उलट आढळले. यावरून पुरुषांचा मेंदू आकलन आणि कृती यांच्या समन्वयाला, तर स्त्रियांचा मेंदू विश्लेषण आणि अंतःप्रेरणा यांच्या संवादाला अनुकूल आहे, असे त्यांनी सुचविले. वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ आणखी पुढे नेला. नकाशा वाचणे पुरुषांचे काम, एकाच वेळी अनेक कामे सांभाळणे बायकांचे, अशा आशयाच्या बातम्या अनेक देशांत छापून आल्या.

पद्धतीचे स्वरूप व मर्यादा

एमआरआय यंत्राला मेंदूतील तंतू प्रत्यक्ष दिसत नाहीत. ते पाण्याच्या रेणूंचे विसरण मोजते. श्वेतद्रव्यात पाणी तंतूंच्या लांबीच्या दिशेने अधिक सहज पसरते, आडवे कमी. (नदीची उपमा येथपर्यंतच चालेल, येथे पाणी वाहत नाही, पसरते.) साधारण २ मिलिमीटर बाजूच्या प्रत्येक घनखंडात विसरणाची दिशा काढायची आणि एका खंडाची दिशा पुढच्याशी जुळवत संगणकाने रेषा ओढत जायचे, अशी ही रीत आहे. एका खंडात असंख्य तंतू असतात. त्यांतील काही एकमेकांना छेदतात, काही क्षणभर समांतर जाऊन वेगळे होतात. अशा जागी कोणती रेषा कोठे गेली हे गणिताने अजमावावे लागते. संदेश कोणत्या भागाकडून कोणत्या भागाकडे जातो, हेही या प्रतिमेतून कळत नाही.

ही मर्यादा किती मोठी आहे, हे २०१७ मध्ये क्लाउस मायर-हाइन व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. ज्यातील तंतुसमूह आधीच ठाऊक आहेत असा कृत्रिम नमुना २० संशोधक गटांना देण्यात आला आणि त्यांच्याकडून ९६ उत्तरे आली. बहुतेक पद्धतींनी खऱ्या तंतुसमूहांपैकी सुमारे ९० टक्के काही अंशी तरी शोधले. परंतु त्यांबरोबर अस्तित्वात नसलेले समूहही दाखविले आणि त्यांची संख्या खऱ्यांपेक्षा बरीच अधिक होती. म्हणून असा नकाशा अनुमान म्हणूनच वाचावा लागतो.

निष्कर्षांची चिकित्सा

सदर निबंधाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. इतक्या मोठ्या संख्येने मुलामुलींच्या मेंदूतील जोडण्या एकाच पद्धतीने तपासणे हे त्या काळी मोठेच काम होते. आक्षेप आहे तो प्रतिमेवरून स्वभावापर्यंत घेतलेल्या उडीला.

पहिला मुद्दा फरकाच्या आकाराचा. नमुना मोठा असला की लहान फरकही संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय ठरतो. दोन तुकड्यांच्या सरासरीत दोन गुणांचा फरक असला, तरी एखाद्या विद्यार्थ्याचे गुण पाहून तो कोणत्या तुकडीतला हे आपण सांगू शकत नाही. डाफ्ना जोएल व रिकार्डो टाराश यांनी २०१४ मध्ये त्याच नियतकालिकात नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. निबंधातील गाजलेल्या आकृतीत तर फक्त फरक आढळलेल्या जोडण्याच काढल्या आहेत. त्यामुळे पुरुषांच्या मेंदूत गोलार्ध सांधणाऱ्या रेषाच नाहीत, असा पाहणाऱ्याचा समज होतो.

दुसरा मुद्दा मेंदूच्या आकारमानाचा. झ्युरिखचे युर्गेन हेंगी व सहकारी यांनी २०१४ मध्ये दाखविले की, मोठ्या मेंदूत एकाच गोलार्धातील जोडण्यांचे प्रमाण तुलनेने अधिक असते, मग तो मेंदू पुरुषाचा असो वा स्त्रीचा. सरासरीने पुरुषांचा मेंदू मोठा असल्याने, लिंगभेद म्हणून मांडलेल्या फरकाचा बराच भाग आकारमानाचा असू शकतो.

तिसरा मुद्दा वयाचा. हे फरक प्रामुख्याने पौगंडावस्थेत व त्यानंतर दिसतात, असे निबंधच सांगतो. या वयापर्यंत मुलामुलींचे खेळ, मोकळीक आणि घरकामाचा वाटा वेगळे झालेले असतात. तेव्हा फरक जन्मजात की अनुभवाने घडलेला, याचा निर्णय या प्रतिमांवरून होत नाही.

जोएल व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १४०० हून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. ज्यांची सर्व वैशिष्ट्ये एकाच टोकाची आहेत असे मेंदू त्यांना फार थोडे आढळले; बहुतेकांत दोन्हींचे मिश्रण होते. यावर २०१६ मध्ये काही संशोधकांनी उत्तर दिले की, अनेक वैशिष्ट्ये एकत्र घेतली तर मेंदूवरून लिंग बऱ्याच अचूकपणे ओळखता येते. हा आक्षेपही विचारात घ्यायला हवा. मात्र लिंग ओळखता येणे आणि गणिताची किंवा नकाशा वाचण्याची कुवत ओळखता येणे या भिन्न गोष्टी आहेत.

समारोप

आपल्या महाविद्यालयांतून शिकणाऱ्या अनेक मुली आपापल्या घरातील पहिल्या पदवीधर ठरणार आहेत. विज्ञान की कला, भूगोल की गृहविज्ञान, हा प्रश्न घेऊन त्या प्रवेशाच्या वेळी अध्यापकांसमोर येतात. अशा वेळी ‘मुलींचा मेंदूच तसा असतो, शास्त्रज्ञांनीच सिद्ध केले आहे’ हे वाक्य आपल्या तोंडून गेले, तर एका सरासरीचा भार एका मुलीवर पडतो. त्या मुलीची कुवत पाहण्यासाठी तिच्या उत्तरपत्रिका, तिचे प्रयोग आणि तिचे प्रश्न आपल्यापुढे असतात. त्या कामी ९४९ अनोळखी व्यक्तींच्या सरासरीचा उपयोग नाही.

अध्यापकांनी हा निबंध आणि त्यावरील आक्षेप दोन्ही वर्गात वाचून घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते. काय मोजले, काय अजमावले, फरक किती मोठा आणि मूळ निबंधात नसलेले बातमीत काय आले, हे चार प्रश्न विद्यार्थिनींनी स्वतः विचारावेत. मेंदूच्या प्रतिमांची पुढची बातमी येईल तेव्हा त्यांना हे प्रश्न उपयोगी पडतील.