'छावा' कादंबरीतील पितापुत्र आणि उपलब्ध साधने

कै. शिवाजी सावंत यांची 'छावा' ही कादंबरी इ. स. १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. ललितवाङ्मयाच्या दृष्टीने तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. २०२५ साली तिच्यावरून हिंदी बोलपट निघाल्यावर तर तिचे नाव महाराष्ट्राबाहेरही पोहोचले. ज्यांच्या घरी रुमालांत बांधलेली दप्तरे आहेत आणि जे मोडीचा एकेक तुकडा जपून ठेवतात, त्या आमच्या वाचकांस या कादंबरीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे ते हे की, शिवछत्रपती व शंभुराजे या पितापुत्रांविषयी सामान्य वाचकाचे आजचे मत बव्हंशी कादंबरीने घडविले आहे, आणि तीतील संवाद कित्येकदा अस्सल वचने म्हणून आमच्यापुढे ठेवले जातात. तेव्हा कागद कोठे थांबतो व कादंबरीकार कोठून बोलू लागतो, ती शीव दाखविणे अवश्य आहे.

प्रथम श्रेय द्यावयाचे ते देऊ. शंभुराजांची जी काळी मूर्ती शंभर वर्षे रूढ होती, तिचा मोठा आधार मल्हार रामराव चिटणीस यांची बखर हा होय. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. आणि तिच्या कर्त्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांस शंभुराजांच्या आज्ञेने १६८१ मध्ये देहान्त शासन झालेले. अशा साक्षीदाराची साक्ष कशी तोलावी हे आमच्या वाचकांस सांगणे नको. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० च्या चरित्रात साधनांच्या बळावर ती मूर्ती पुसली. प्रा. वसंत कानेटकर यांनी आमच्या नाशकात राहून १९६२ साली 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकात याच पितापुत्रांचा ताण रंगभूमीवर आणला. सावंतांनी पुढे तोच विषय जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विशाल पटावर मांडला व मुलाच्या अंतःकरणास वाचा दिली. ही कामगिरी लहान नव्हे.

आता वादाचे मूळ पाहू. शंभुराजांचा जन्म १६५७ चा. आई दोन वर्षांचे असतानाच गेली. नवव्या वर्षी आग्र्याची स्वारी घडली व परततांना वडिलांनी त्यांस मथुरेस गुप्तपणे ठेविले. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते सतरा वर्षांचे युवराज होते. पुढे महाराज कर्नाटकच्या मोहिमेस गेले तेव्हा पुत्र शृंगारपुरी राहिला. १६७८ च्या डिसेंबरात, म्हणजे शके १६०० च्या पौषात, हा एकवीस वर्षांचा युवराज दिलेरखानाच्या छावणीत गेला, वर्षाच्या आत परत फिरला, आणि १६८० च्या आरंभी पन्हाळ्यावर पितापुत्रांची भेट झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतबाहेर महाराज कैलासवासी झाले.

पुत्र का गेला? कादंबरीचे उत्तर असे की, पिता वत्सल, पुत्र निष्ठावंत. मध्ये सोयराबाई व अण्णाजी दत्तो प्रभृति कारभारी यांनी विष कालविले. आमचा आक्षेप येथेच आहे. हा साचा रामायणाचा आहे. पंचवटीच्या सान्निध्यात राहणाऱ्या आम्हांस दशरथ, राम आणि कैकेयी यांची ओळख लगेच पटते. परंतु राम अरण्यात गेला. शंभुराजे शत्रूच्या छावणीत गेले, आणि १६७९ मध्ये स्वराज्याचा भूपाळगड पडला तेव्हा ते त्याच सैन्यात होते. सगळा दोष तिसऱ्याच्या माथी मारला की पुत्राचे हे कृत्य त्याचे स्वतःचे राहत नाही. मग त्याचे परत येणेही, जे कृत्य खरोखर धैर्याचे, तितकेच उणे होते. पित्याचाही वाटा लोपतो. पुत्र सोळा वर्षांचा झाला म्हणजे त्याशी मित्रासारखे वागावे, असे नीतिवचन आहे. पण राज्य चालविणाऱ्या पित्यास ते पाळणे किती कठीण, हे कौटिल्य जाणून होता. त्याने राजपुत्रापासून राजाचे रक्षण कसे करावे यास एक प्रकरण दिले, आणि अवरुद्ध राजपुत्राने काय करावे यास दुसरे. त्यात शेजारच्या सामन्ताचा आश्रय हाही मार्ग सांगितला आहे. म्हणजे हा पेच दुष्ट माणसांवाचूनही उत्पन्न होतो. तो राजपदातच आहे. या दृष्टीने लिहिती तर कादंबरी अधिक करुण झाली असती.

पन्हाळ्याच्या भेटीचे बोलणे आपणांस मुख्यतः सभासदामुळे ठाऊक आहे. तुंगभद्रेपासून कावेरीपर्यंत एक राज्य व तुंगभद्रेपासून आमच्या गोदावरीपर्यंत दुसरे, अशी वाटणी महाराजांनी सुचविली, आणि पुत्राने राज्य नको, पायांची सेवा पुरे, असे उत्तर दिले, असा त्याचा आशय आहे. प्रसंग हृद्य खरा. पण सभासदाने बखर लिहिली ती चंदी येथे, या भेटीस दहा वर्षे उलटून गेल्यावर, आणि राजारामांच्या आज्ञेने. वाटणीची गोष्ट ज्याच्या हिताची, त्याच्याच दरबारी ती लिहिली गेली. कादंबरीकाराने हे शब्द घ्यावेत. संशोधकाने ते तोलून घ्यावेत.

याहून निकटची साक्ष मुद्रेची आहे. शिवरायांच्या संस्कृत मुद्रेत शिव हा शाहाचा पुत्र म्हणून येतो. शंभुराजांच्या मुद्रेत शंभु हा शिवापासून जन्मलेला म्हणून येतो. दोघांनीही आपली ओळख पित्याच्या नावाने दिली, आणि दोघांच्याही वाट्यास पित्याचा सहवास थोडाच आला. शंभुराजांचा 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ ह. दा. वेलणकर यांनी १९२६ मध्ये प्रकाशात आणला. त्याच्याही आरंभी आजा व पिता यांची स्तुति आहे. स्तुति हा ग्रंथरचनेचा शिष्टाचार व मुद्रा हा राज्याचा शिष्टाचार, हे आम्ही विसरत नाही. तथापि रुसलेल्या पुत्राने आपल्या मुद्रेत पित्याचे नाव उमटविले, ही गोष्ट कोणत्याही कल्पित संवादाहून अधिक बोलकी आहे. या मौनात जे आहे ते कादंबरीने बोलून दाखविले; आमच्या मते थोडे अधिकच बोलून दाखविले.

असो. 'छावा' वाचावी, आणि मुलांच्याही हाती द्यावी. मात्र ती वाचून ज्याचे डोळे ओले झाले, त्याने आपल्या माळ्यावरील रुमाल एकदा सोडून पाहावा. १६७६ ते १६८० या पाच वर्षांतील एखादी सनद, एखादे महजर, देवस्थानाचा एखादा कागद बागलाण किंवा गंगाथडीच्या जुन्या घरांत असेल, तर त्याची नक्कल संशोधकांच्या हाती पडू द्यावी. पितापुत्रांच्या या प्रकरणात कादंबरीकारांची साक्ष पुरेशी झाली आहे. कागदांची अद्याप व्हावयाची आहे.