धर्मगुरूंचा अधिकार कुठवर?

श्रोतेहो, आज एकाच दस्तऐवजाकडे बघू. पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसचा हवामान करार झाला. तेव्हा एका बाजूने विचारणा झाली, पोपना विज्ञानातलं काय कळतं? दुसऱ्या बाजूने टाळ्या पडल्या. आम्हांला दोन्ही प्रतिक्रिया उथळ वाटतात.

बघा, या परिपत्रकात तीन प्रकारची विधानं आहेत. पहिलं, पृथ्वी तापते आहे आणि त्याला मुख्यतः माणसाचे उद्योग कारण आहेत. हे पोप स्वतःच्या अधिकाराने सांगत नाहीत, वैज्ञानिकांचं म्हणणं पुढे ठेवतात. त्यात गैर काही नाही. दुसरं, ज्या गरिबांनी धूर कमी सोडला त्यांनाच झळ जास्त बसते, म्हणून श्रीमंत देश त्यांचे ऋणी आहेत. हे नैतिक विधान आहे आणि ते पटायला ख्रिस्ती असावं लागत नाही. आमच्या मते परिपत्रकाचा खरा ऐवज हाच.

घोटाळा तिसऱ्यात आहे. परिच्छेद १७१ म्हणतो की, कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीतून नवी सट्टेबाजी निघू शकते आणि तिने जगाचं उत्सर्जन घटायला मदत होणार नाही. आता हे नीतिवचन नव्हे, भाकीत आहे. ते तपासायचं कसं? युरोपीय संघाने असा बाजार २००५ मध्ये सुरू केला. परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले आणि २००७ मध्ये त्यांचा भाव जवळपास शून्यावर आला. म्हणजे पोपची शंका अगदीच निराधार नव्हती. पण दोष खरेदी-विक्रीचा, की ढिल्या मर्यादेचा? हे आकड्यांवरून ठरतं, पदावरून नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी त्याच वर्षी बाजाराच्या मुद्द्यावरच आक्षेप घेतला. शिवाय परिच्छेद १८८ स्वतःच सांगतो की, वैज्ञानिक प्रश्नांचा निकाल लावण्याचा चर्चचा दावा नाही. हे भान १७१ मध्ये सुटलं.

पण अर्थतज्ज्ञांनीही फार खूश होऊ नये. शंभर वर्षांनंतरच्या नुकसानाला आज किती वजन द्यायचं? निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या अहवालात ते बरंच जास्त धरलं, नॉर्डहाउस यांनी कमी. कोष्टकात तो एक साधा दर दिसतो, पण त्याच्या पोटात नीतीचा प्रश्न आहे: अजून न जन्मलेल्यांचं आपण काय देणं लागतो? इथे धर्मगुरूने दार ठोठावलंच पाहिजे.

आता टाळ्या वाजवणाऱ्यांविषयी. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी 'ह्युमाने व्हिटे' या परिपत्रकाने कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवलं, तेही आपल्याच आयोगातल्या बहुमताचा सल्ला बाजूला ठेवून. २०१५ मध्ये 'पोप म्हणतात' एवढं पुरत असेल, तर १९६८ चं कोणत्या तोंडाने नाकारणार? खुर्ची तीच आहे ना!

आम्ही वर्षानुवर्षं वर्गात हेच शिकवलं. तरी आपल्या बाजूने बोलणाऱ्या धर्मगुरूला आमच्याही टाळ्या लवकर पडल्या, हे कबूल करतो. धर्मगुरूने प्रश्न जरूर विचारावा. उत्तर द्यायला लागला, की पुरावा मागावा. तो आपल्या बाजूचा असेल, तेव्हा तर आधी मागावा.