तारेची आस आणि रॉकची गिटार

१९६६ साली लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या डेक्का स्टुडिओत जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’चं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा एकवीस वर्षांच्या एरिक क्लॅप्टनने आवाज कमी करायला नकार दिला. तेव्हाची रीत अशी की अ‍ॅम्प हळू ठेवायचा आणि माइक त्याच्या तोंडाशी लावायचा. क्लॅप्टनला मात्र कार्यक्रमात वाजवतो तितक्याच मोठ्याने वाजवायचं होतं, मग माइक खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यावा लागला तरी चालेल. त्याच्या हट्टाला कारण होतं. मार्शलचा अ‍ॅम्प पूर्ण उघडला की लेस पॉल गिटारचा स्वर जाड होतो, त्याची कड किंचित फाटते आणि तो लवकर विझत नाही. हळू वाजवलं तर यातलं काहीच हाती लागत नाही. त्या तबकडीवर ते लागलं, आणि पुढे कितीतरी वर्षं रॉकचे गिटारवादक तोच आवाज शोधत राहिले.

छेडलेल्या तारेचा स्वर निघताक्षणीच क्षीण व्हायला लागतो. सतार असो, सरोद असो की साधी गिटार, मागे रेंगाळत विझणाऱ्या नादात, म्हणजे आसेत, काय काय मावतं यावरच वादकाचं सगळं कौशल्य पणाला लागतं. विलायत खाँसाहेबांनी सतारीवर गायकी अंग उभं केलं ते याच मर्यादेत राहून, एका आघातातून स्वरावरून स्वरावर सरकणारी लांबलचक मींड खेचत. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. पोलादी तार थरथरली की गुंडाळीत नाममात्र वीजप्रवाह तयार होतो आणि अ‍ॅम्प तो वाढवतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर कुवतीपेक्षा जास्त भार टाकला की लहरींचे माथे छाटले जातात. सुरुवातीचा आघात दबतो, मागची आस वर येते, स्वरात नवे उपस्वर मिसळतात. आवाज आणखी वाढवला तर स्पीकरमधली थरथर हवेतून तारेपर्यंत परत पोहोचते, तारेला पुन्हा हलवते, आणि स्वर संपायचं नावच घेत नाही. ध्वनिअभियंत्यांच्या लेखी आवाजाचं हे फाटणं आणि हा फीडबॅक, दोन्ही दोषच होते. रॉकचा बराचसा रंग याच दोषांतून आला आहे. म्हणून या कलेतल्या वादकाने तारेच्या आसेचं काय केलं, हा प्रश्न मला त्याच्या बोटांच्या वेगापेक्षा फार महत्त्वाचा वाटतो.

हा इतिहास लंडनपासून सांगण्याची सवय मात्र मोडायला हवी. ब्लूजवादक मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतून शिकागोला आला आणि तिथल्या गजबजलेल्या क्लबांमध्ये साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. त्याच सुमारास सिस्टर रोझेटा थार्प चर्चची भक्तिगीतं इलेक्ट्रिक गिटारवर अशा झपाट्याने वाजवत होती की तिचं १९४४ चं ध्वनिमुद्रण ऐकताना रॉक अँड रोलला अजून दहा वर्षं अवकाश आहे यावर विश्वास बसत नाही. १९६४ साली ब्रिटिश टेलिव्हिजनने मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर तिचा कार्यक्रम चित्रित केला. भर पावसात, कोट घालून, ती इलेक्ट्रिक गिटार घेऊन फलाटावर उभी आहे. अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गिटारवादक चक बेरी १९८६ साली, पहिल्याच तुकडीत गेला. थार्पला तिथे जागा मिळाली २०१८ साली, मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. बेरीचा मान निर्विवाद आहे. बूगी-वूगी पियानोच्या डाव्या हातातला ठेका त्याने गिटारच्या खालच्या तारांवर आणला, आणि रॉकला चालायला पाय मिळाले. पण एका कृष्णवर्णीय बाईचं ऋण मान्य करायला इतका उशीर लागला, हे या क्षेत्रातल्या समीक्षेचं मोठं अपयश आहे.

आवाज मुद्दाम फाडणंही क्लॅप्टनच्या आधीचं. गिटारवादक लिंक रेने १९५८ मध्ये ‘रम्बल’साठी स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली. गाण्यात एकही शब्द नाही, तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवलं नाही, इतका तो आवाज दांडगा वाटला. १९६४ साली ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने आपल्या अ‍ॅम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला. पुढच्याच वर्षी ‘यार्डबर्ड्स’च्या एका गाण्यासाठी लंडनमध्ये सतारवादक बोलावला गेला, पण हवा तो जोर येईना, शेवटी जेफ बेकने ती ओळ आवाज फाडणारं ‘फझ’ यंत्र लावलेल्या गिटारवर वाजवली. तिथे सतारीची नुसती नक्कल नाही. फाटलेल्या स्वराची आस मींडेला पुरते, हे बेकला त्या वयात कळलं होतं. पुढे त्याने नखी टाकून दिली आणि बोटं, व्हॉल्यूमचं बटण व ट्रेमोलोची दांडी एवढ्यावर स्वर गायला लावले. जानेवारी २०२३ मध्ये तो गेला. एका स्वराची इतकी निगा राखणारा दुसरा रॉक वादक मला माहीत नाही.

जिमी हेंड्रिक्सबद्दल लिहिताना त्याने मंचावर पेटवलेल्या गिटारची आठवण आधी निघते, आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारा फिरवून लावून वाजवणारा हा सिअ‍ॅटलचा डावखुरा मुलगा १९६६ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला पोहोचला आणि चार वर्षांत संपला. तेवढ्या काळात त्याने फीडबॅकला सूर दिला. आपण अ‍ॅम्पपासून किती अंतरावर, कोणत्या कोनात उभे आहोत यावरून कोणता उपस्वर फुलेल, हे त्याला अंगवळणी पडलं होतं. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी, वुडस्टॉक महोत्सवाचे बहुसंख्य श्रोते घरी गेल्यावर, त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. मूळ चाल ओळखू येते, पण ओळींच्या मधल्या जागेत बॉम्ब कोसळतात, माणसं किंचाळतात, आणि सैनिकांच्या अंत्यविधीला वाजणारी बिगुलाची धून येऊन जाते. व्हिएतनाम युद्ध चालू होतं, आणि वाजवणारा स्वतः कधीकाळी छत्रीधारी सैनिक होता. त्यात चाल फारशी बदललेली नाही, वेगही दाखवलेला नाही. सगळं बोलणं स्वर वाजून गेल्यावर उरणाऱ्या आवाजातून होतं.

टोनी आयोमीची गोष्ट बर्मिंगहॅमच्या कारखान्यातली. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तोडली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि ‘ब्लॅक सॅबथ’ या आपल्या बँडच्या १९७१ च्या तिसऱ्या तबकडीपर्यंत तारा दीड सूर उतरवल्या, कारण सैल तारा दाबायला सोप्या. त्यातून बँडचा संथ, काळोखा नाद घडला आणि हेवी मेटल नावाची अख्खी शाखा उभी राहिली. बर्मिंगहॅमनेही हे ऋण लक्षात ठेवलं: ५ जुलै २०२५ रोजी व्हिला पार्कच्या मैदानावर बँडचे चौघे मूळ सदस्य अखेरचे एकत्र आले, आणि त्या महिन्यातच गायक ऑझी ऑसबोर्न वारला.

एडी व्हॅन हेलनपाशी वळण आलं. १९७८ चं ‘इरप्शन’ पावणेदोन मिनिटांचंही नाही, पण उजव्या हाताच्या बोटांनी थेट तारा ठोकण्याचं ‘टॅपिंग’चं तंत्र त्यानंतर घरोघरी गेलं. तो स्वतः नादाचाही कारागीर होता: सुट्या भागांची गिटार त्याने हाताने जुळवली, अ‍ॅम्पला मिळणारा वीजदाब कमी करून आपला उबदार आवाज मिळवला. अनुयायांनी नाद सोडला आणि टॅपिंग उचललं. ऐंशीच्या दशकातला पुष्कळसा मेटल सोलो आज कंटाळवाणा वाटतो तो यामुळे. आणि याच काळात ‘एसी/डीसी’चा माल्कम यंग धाकट्या भावाच्या मागे उभा राहून, एकही सोलो न घेता, सगळा बँड तोलून धरत होता. पण चर्चा सोलोचीच होत राहिली; साथीच्या गिटारची ही उपेक्षा अजूनही चालू आहे.

आजची तयारी तर थक्क करणारी आहे. टोसिन अबासी आठ तारांच्या गिटारवर अंगठ्याने बासवादकासारखे आघात करतो; ‘पॉलिफिया’चा टिम हेन्सन हिपहॉपच्या ठेक्यावर असे तुकडे बसवतो की मागच्या पिढीतल्या भल्याभल्यांना जमले नसते. केम्परसारखी यंत्रं जुन्या अ‍ॅम्पचा नाद डिजिटल रूपात साठवून देतात, त्यामुळे हेडफोन लावून, शेजाऱ्यांना त्रास न होता, हवी तितकी आस मिळते. याचा फायदा मी नाकारत नाही. मुंबई-पुण्याच्या वन-बीएचकेत शंभर वॅटचा मार्शल वाजवणार कुठे? पण हेडफोनमध्ये स्पीकरची हवा तारेपर्यंत पोहोचत नाही, आणि वादक-यंत्र-खोली हा हेंड्रिक्सचा त्रिकोण तुटतो. त्यात वादन मिनिटभराच्या व्हिडिओसाठी बसवलं जातं, आणि तिथे लांब धरलेल्या एका स्वराला जागा नसते. २०१८ साली गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा गिटार मेली म्हणून ओरड झाली. विक्री पुढे सावरली. मला काळजी विक्रीची नाही, स्वर धरून ठेवण्याचा धीर कमी होतो आहे याची आहे.

धीर असलेले वादक आहेत. डेरेक ट्रक्सने अली अकबर खाँसाहेबांचा सरोद मन लावून ऐकला आणि तारेवर नळी सरकवून वाजवायच्या स्लाइड गिटारवर तो मींड घेतो तेव्हा ब्लूज आणि आलाप यांच्यातलं अंतर पुसट होतं. जॉन मॅकलॉक्लिनने उलटी वाट धरली होती: सत्तरच्या दशकात झाकिर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’त वाजवताना त्याने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’तला कर्णकर्कश अ‍ॅम्प सोडला आणि तरफा लावलेली, पट्टी खोलगट कोरलेली साधी गिटार घेतली, म्हणजे तार खोल दाबून मींड निघावी.

मला सर्वांत जिवंत वाटतो तो नायजरचा तुआरेग वादक म्दू मोक्तार. पहिली गिटार त्याने स्वतः बनवली, तारांच्या जागी सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून. त्याच्या वादनात वाळवंटातल्या लग्नांचा टाळ्यांचा ठेका आहे, व्हॅन हेलनचं टॅपिंग आहे, आणि ते टॅपिंग ठेक्याच्या पोटातून येतं. ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ या २०२४ च्या तबकडीत फ्रान्सच्या वसाहतवादाविरुद्धचा संताप फाटलेल्या स्वरांतून उसळतो. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करी उठाव झाला तेव्हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता आणि घरी परतता येईना. त्या काळात त्यांनी हीच गाणी विजेच्या गिटारीशिवाय पुन्हा मुद्रित केली, आणि २०२५ मध्ये ती ‘टीअर्स ऑफ इनजस्टिस’ नावाने आली. स्वर आता लगेच विझतात. मोक्तार ती पोकळी जास्त सुरांनी भरत नाही. लय संथ करतो, अहमदू मदसानच्या साथीच्या गिटारला पुढे येऊ देतो, आणि पहिल्या तबकडीत जिथे किंकाळी होती तिथे गळा रडतो. दोन्ही तबकड्या याच क्रमाने, सलग ऐकाव्यात.