मुलांच्या पुस्तकांतील देह

मुलांना शरीराची ओळख करून देणारी पुस्तके मराठीत पुष्कळ निघतात. त्यांची चित्रे रंगीत असतात, कागद चांगला असतो, आणि हेतू तर निःसंशय चांगलाच असतो. तथापि या पुस्तकांचे परीक्षण करताना आम्ही एकच कसोटी लावू इच्छितो. पुस्तक वाचून झाल्यावर सात-आठ वर्षांच्या मुलाला आपले काय, कोठे आणि कसे दुखते हे नेमके सांगता येईल काय? एवढे ज्या पुस्तकाने साधत नाही, त्यातील बाकीची माहिती परीक्षेपुरतीच राहते.

तुलनेसाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. गोव्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत अनेक मराठी घरांत तिन्हीसांजेला रामरक्षा म्हटली जाते. ते स्तोत्र आहे, शरीरशास्त्राचा पाठ नव्हे, हे उघड आहे. परंतु पुष्कळ मुलांच्या कानांवर देहाची पहिली क्रमवार यादी पडते ती त्यातूनच. शिर, भाल, डोळे, कान, नाक, मुख, जिव्हा, कंठ, खांदे, भुजा, हात, हृदय, नाभी, कटी, मांड्या, गुडघे आणि शेवटी पाय, असा मस्तकापासून पावलांपर्यंतचा तो सरळ प्रवास आहे. या क्रमामुळे कोणता अवयव कोणाच्या शेजारी हे आपोआप कळते. बालपुस्तकांत मात्र बहुधा पहिल्या पानावर पंचज्ञानेंद्रिये, पुढे एकदम पचनसंस्था आणि मग दात घासण्याचे नियम येतात. अवयव सुटे सुटे मांडले जातात आणि देह एकसंध असा कोठेच दिसत नाही.

स्तोत्र पाठ होते, पण अर्थ कोणी सांगत नाही, ही त्याची दुसरी बाजू. रामरक्षेत ‘जंघा’ शब्द गुडघ्यानंतर येतो, कारण संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग, म्हणजे आपली नडगी व पोटरी. मराठीत ‘जांघ’ म्हटले की आपण थेट मांडीच्या मुळाशी पोहोचतो. शब्द एका घरातला, पण जागा बदललेली! ज्या मुलाला हे कोणी समजावले नाही, त्याला पाठांतर येते, अंग कळत नाही. आमच्या दोन भाषांच्या प्रदेशात तर गोष्ट अधिकच गुंतागुंतीची होते. घरी ‘दिंबी’, पुस्तकात ‘गुडघा’ आणि स्तोत्रात ‘जानु’, असे एकाच सांध्याला मूल तीन नावांनी भेटते. यात आम्ही संकट मानीत नाही. तिन्ही नावे एका गुडघ्यावर हात ठेवून सांगितली, तर ती संपत्तीच आहे. परंतु असे सांगणारे पुस्तक आमच्या पाहण्यात क्वचितच येते.

आतल्या अवयवांच्या बाबतीत पुस्तके फारच उणी पडतात. यकृत म्हणजे एक महत्त्वाची ग्रंथी, अशा धाटणीची व्याख्या देऊन लेखक मोकळे होतात. ज्याला यकृत ठाऊक नाही, त्याला ग्रंथी कोठून ठाऊक असणार? ‘मूत्रपिंड’ शब्द पाहा. देवळाशेजारी वाढलेल्या मुलाला पिंड म्हणजे श्राद्धातला भाताचा गोळा किंवा महादेवाची पिंडी. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, कण्याच्या दोन्ही अंगांना, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या दोन गाळण्या आहेत. त्या रक्त गाळतात आणि नको ते लघवीवाटे बाहेर टाकतात, असे आधी सांगावे, नाव मागाहून द्यावे. दोष संस्कृत शब्दांचा नव्हे. ‘अन्ननलिका’ व ‘श्वासनलिका’ हे शब्द तर स्वतःच आपला अर्थ सांगतात. उलट घरगुती शब्दही कधी फसवितात. ‘काळीज धडधडते’ म्हणताना आपल्या मनात हृदय असते, कोंकणीतही काळीज म्हणजे हृदयच. पण मांसाच्या दुकानात ‘कलेजी’ मागितली तर यकृत मिळते. असा घोळ जेथे आहे तेथे पुस्तकाने तो सोडवून दाखवावयास हवा.

उपमांविषयीही थोडे सांगणे प्राप्त आहे. देह म्हणजे कारखाना, ही उपमा या पुस्तकांत इतकी रुळली आहे की ती आता काहीच दाखवीत नाही. दात जात्याप्रमाणे दळतात, आणि ताक घुसळावे तसे जठर अन्न घुसळते, एवढे सांगितले तरी मुलाच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. हृदय साधारण आपापल्या मुठीएवढे असते हे मूल स्वतःच्या मुठीकडे पाहून समजू शकते.

आता दुखण्याचे शब्द. मराठीत कळ येते, ठणका लागतो, चमक भरते, मुरडा येतो, जळजळ होते, चुणचुण होते, पायात पेटका येतो. ताप असला तर ताप, थोडा असला तर कसर, येऊ घातला तर कणकण. यातील प्रत्येक शब्द वैद्याला काही निराळे सांगतो. बालपुस्तकांत या सर्वांच्या जागी एकटी ‘वेदना’ बसविलेली आढळते. इतके धन घरात असता मुलाला एका नाण्यावर भागवावयास लावणे याला सुबोधता म्हणवत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. चित्रातील बालक बेंबीपर्यंत नीट रेखलेले असते, आणि पुढे एकदम मांडी येते. मधल्या भागाला नावच नाही. हा संकोच परंपरेतून आला असे म्हणणाऱ्यांनी देवीकवच उघडून पाहावे. सप्तशतीच्या पाठापूर्वी म्हटले जाणारे हे कवच शेंडीपासून नखांपर्यंत जाते. त्यात पडजीभ आणि टाळू आहेत, रक्त, मज्जा, मेद आणि आतडी आहेत, आणि गुह्य, मेढ्र व गुद हेही त्यांच्या नावांनी, त्यांच्या जागी आहेत. ज्याचे रक्षण मागावयाचे त्याचे नाव घेण्यास तेथे लाज वाटलेली नाही. मग मुलांच्या पुस्तकालाच ती का वाटावी? ‘अवघड जागेचे दुखणे’ ही म्हण मोठ्यांच्या संसारात खपून जाते, मुलाच्या बाबतीत ती घातक ठरते. २०१२ साली संसदेने लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा केला. मुलाचे म्हणणे ते बोलेल तसेच नोंदवून घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. पण ज्या मुलाला आम्ही शब्दच दिला नाही, ते बोलणार काय? शिश्न, योनी, गुद हे शब्द शिष्ट आणि निःसंदिग्ध आहेत. ‘या जागा आपल्या आहेत, तेथे दुखले किंवा कोणी हात लावला तर आईला, आजीला सांगावे,’ या एका वाक्यासह ते पुस्तकात यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्तोत्रांचा हा गौरव करताना त्यांची मर्यादा आम्ही विसरत नाही. कवच अवयवाचे नाव घेते, त्याचे कार्य सांगत नाही. प्राचीन ग्रंथही सर्वत्र एकमताचे नाहीत. चरकाच्या मते अस्थी ३६०, सुश्रुताच्या मते ३००, आणि आजच्या शारीरशास्त्राप्रमाणे प्रौढ माणसाची हाडे २०६. शव वाहत्या पाण्यात ठेवून मग थराथराने पाहावे, असे सांगणारा सुश्रुत प्रत्यक्ष पाहण्याचाच पुरस्कर्ता होता. तेव्हा माहिती आजच्या डॉक्टराकडून तपासून घ्यावी, आणि क्रम, पूर्णता व निःसंकोचपणा या स्तोत्रांकडून शिकावा.

लेखकांस आमची सूचना इतकीच की छापण्यापूर्वी हस्तलिखित एखाद्या मुलास वाचून दाखवावे, आणि प्रत्येक शब्दावर त्याला आपल्या अंगावर बोट ठेवावयास सांगावे. जेथे बोट अडखळेल तेथे वाक्य पुन्हा लिहावे. पालकांसही हे सांजवेळी करता येण्याजोगे आहे. रामरक्षा म्हणताना शिर म्हटले की डोक्यावर, जंघा म्हटले की पोटरीवर मुलाचा हात जाऊ द्यावा.